सिंहगडाचा घाट आणि न वापरलेली लहान चकती

पत्र

सप्रेम नमस्कार. मी ४८ वर्षांची असून धायरीत राहते आणि माध्यमिक शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी हायब्रिड सायकल घेतली आणि तेव्हापासून नियमाने चालवते. रविवारी खडकवासल्याला आणि महिन्यातून एकदा पानशेतपर्यंत जाऊन येते. त्याचा काही त्रास होत नाही. सिंहगडाच्या घाटात मात्र तीनदा गेले आणि तिन्ही वेळा निम्म्याच्या आत उतरावे लागले. पायथ्याच्या नाक्यापासून दीड-दोन किलोमीटर बरोबरच्या मंडळींच्या मागोमाग जाते, मग छातीचा भाता होतो, मांड्या भरून येतात आणि सायकल थांबते. एकदा उतरले की चढावर पुन्हा बसून सुरुवात करता येत नाही, म्हणून ढकलत जावे लागते आणि येणारे-जाणारे पाहतात. उजवा गुडघा पुढे दोन दिवस दुखतो. सायकलीला पुढे ४८, ३८ आणि २८ दातांच्या तीन चकत्या आहेत आणि मागे सात, त्यांतील सर्वांत मोठी २८ दातांची. पुढच्या लहान चकतीवर चेन घातली की कधी कधी आत पडते, म्हणून ती मी वापरत नाही. गटातील एकाने ऐंशी-नव्वद हजारांची हलकी रेसिंग सायकल घ्यायला सांगितले आहे. घरचे म्हणतात, आता वय झाले, सपाटीवरच चालवावी. मी काय करावे? आणि खरे सांगायचे तर चढून गेले तरी उतरण्याची भीती वाटतेच.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओझरते लिहिले आहे: लहान चकतीवर चेन पडते, म्हणून ती वापरत नाही. तुमच्या सायकलीला घाटासाठी जो गिअर मुद्दाम दिला आहे, नेमका तोच तुम्ही दोन वर्षे बंद ठेवला आहे. त्यामुळे माझे उत्तर आधी थोडक्यात सांगते. नवी सायकल घेऊ नका. वयाला दोष देऊ नका. पुढचा डेरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, नीट लावून घ्या आणि नाक्यापासूनचे पहिले दोन किलोमीटर आता जाता त्याच्या जवळजवळ निम्म्या वेगाने जा. बाकीचे पत्र मी या दोन गोष्टींची कारणे सांगण्यासाठी लिहीत आहे, कारण कारण पटल्याशिवाय घाटात कोणी वेग कमी करत नाही, हे मी इतक्या वर्षांत पुष्कळ पाहिले आहे.

आधी ताकदीचा हिशेब करू. तुम्ही, सायकल, पाण्याची बाटली आणि पिशवी मिळून ८० किलो वजन धरते. सपाट रस्त्यावर तुम्ही ताशी २० किलोमीटरने जाता, तेव्हा हवेचा रेटा आणि टायरचे घर्षण यांच्यावर मात करण्यासाठी साधारण ९० ते १०० वॉट लागतात. छताच्या साध्या पंख्याला लागतात त्याहून थोडे जास्त. पानशेतच्या वाटेवर एवढी ताकद तुम्ही तास-दोन तास सलग लावता आणि घरी येऊन नेहमीची कामेही करता, म्हणजे ती तुमच्याकडे निश्चित आहे. आता सिंहगडाचा घाट पाहा. नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत तो नऊ किलोमीटरांच्या आसपास आहे आणि त्याचा सरासरी चढ सुमारे सात टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सात मीटर वर जायचे. ताशी ६ किलोमीटर या वेगाने गेल्यास मिनिटाला बरोबर शंभर मीटर अंतर आणि सात मीटर उंची होते. ८० किलो वजन मिनिटाला सात मीटर उचलण्यासाठी सुमारे ९० वॉट आणि टायरच्या घर्षणासाठी आणखी दहा, म्हणजे एकूण १०० वॉट. पानशेतला जाताना लावता तेवढीच ताकद इथेही लागते. सिंहगडावर जाण्याएवढी शक्ती तुमच्या पायांत आजच आहे. फक्त ती दीड तास पुरवायची आहे.

मग दोन किलोमीटरांत दम का संपतो? कारण तुम्ही गटाच्या मागोमाग जाता. गट ताशी १० किलोमीटरने चढत असेल, तर त्याच सात टक्के चढावर तुम्हाला पावणेदोनशे वॉट द्यावे लागतात. सपाटीवर पुढच्या सायकलीच्या आडोशाला राहिले की श्रम बरेच वाचतात, कारण तिथे झगडा हवेशी असतो. घाटात झगडा वजनाशी असतो आणि स्वतःचे वजन स्वतःलाच उचलावे लागते, म्हणून मागोमाग राहण्याचा काहीही उपयोग नाही. दहा-बारा मिनिटे माणूस दुप्पट जोर लावू शकतो. त्यानंतर स्नायूंत साचलेला थकवा वेग कमी केला तरी लगेच उतरत नाही. तुम्ही ज्या वळणावर थांबता, तिथे तुम्हाला त्या वळणाने थांबवलेले नसते. खालच्या पहिल्या किलोमीटरने थांबवलेले असते.

तुम्ही गडावर पायीही गेला असालच. आतकरवाडीच्या पायवाटेने डोक्यावर दह्याची मडकी घेऊन चढणाऱ्या बायका आठवून पाहा. शहरातून आलेली तरुण मुले त्यांना पहिल्या टेकाडावर धावत मागे टाकतात आणि थोड्याच वेळाने दगडावर बसून धापा टाकत असतात. त्या बायका मात्र पहिल्या पावलाला जी चाल धरतात तीच शेवटच्या पावलापर्यंत ठेवतात, बोलत बोलत चढतात आणि कुठे फारशा थांबत नाहीत. घाटात सायकलीचीही चाल अशीच असायला हवी. बरोबर कोणी असेल तर त्याच्याशी दोन पूर्ण वाक्ये न तुटता बोलता आली पाहिजेत. बोलणे एकेका शब्दावर आले की वेग जास्त झाला असे समजावे. एकट्या असाल तर एखाद्या अभंगाचा चरण मोठ्याने म्हणून पाहा. हे मोजमाप कोणत्याही घड्याळापेक्षा मला अधिक विश्वासाचे वाटते.

आता चकत्यांकडे वळू, कारण वेग कमी करायचा म्हटले तरी गिअर जड असेल तर तो कमी करताच येत नाही. तुमच्या चाकाचा घेर सुमारे २.१७ मीटर आहे. पुढे ३८ आणि मागे २८ दात असताना पेडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ तीन मीटर पुढे जाते. मिनिटाला शंभर मीटर जायचे, तर पेडलच्या फेऱ्या होतात फक्त ३४. एवढ्या संथ फेरीत काय होते ते तुम्ही अनुभवले आहे: पेडल वर आले की ते पुढे ढकलण्यासाठी सगळे अंग एका पायावर टाकावे लागते, सायकल प्रत्येक दाबाला डाव्या-उजव्या बाजूला झुकते, दोन दाबांच्या मधल्या क्षणी ती जवळजवळ उभीच राहते, आणि पडू नये म्हणून आपण नकळत वेग वाढवतो. गटाच्या मागे तुम्ही ताशी १० ने जाता, त्याचे एक कारण संकोच असेल. परंतु दुसरे कारण हा गिअरच आहे, हे नक्की. पुढे २८ दातांची लहान चकती घेतली की एका फेरीत सव्वादोन मीटरांहूनही कमी अंतर जाते आणि त्याच वेगाला ४६ फेऱ्या होतात. मागे आणखी मोठी, ३४ दातांची चकती असेल तर ५६. एका फेरीतला सरासरी दाब ३४ फेऱ्यांना सुमारे १७ किलो येतो, ५६ फेऱ्यांना १० किलो. चढ तोच, वेग तोच, एकूण काम तेच. गुडघ्यावर येणारा भार मात्र जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी.

लहान चकतीवरून चेन आत पडणे हा दोष सायकल दुरुस्त करणाऱ्या माणसाला नवा नाही. पुढच्या डेरेलरवर दोन बारीक स्क्रू असतात आणि त्यांतील एक चेनला आतल्या बाजूला किती सरकू द्यायचे याची मर्यादा ठरवतो. तो सैल असला की डेरेलर चेनला चकतीच्या पलीकडे ढकलतो. कधी डेरेलर वाकडा किंवा जास्त उंचीवर बसवलेला असतो. अर्ध्या तासाचे काम आहे. दुकानात सायकल सोडून निघून येऊ नका. स्टँडवर चढवून, हाताने पेडल फिरवत, तुमच्यासमोर दहा-पंधरा वेळा मधल्या चकतीवरून लहान चकतीवर चेन उतरवून दाखवायला सांगा आणि मग रस्त्यावर स्वतः करून पाहा. यात तुमच्या हाताचाही थोडा भाग आहे. पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला की चेन हिसक्याने उतरते आणि तेव्हाच पडते. म्हणून समोर चढ दिसला की तो पायाखाली येण्याआधीच, पाय हलके ठेवून, लहान चकती घ्या. त्या वेळी मागची चेन मधल्या चकत्यांवर असू द्या, म्हणजे पुढे उतरल्यावर पाय एकदम रिकामे फिरत नाहीत. मग चढ वाढेल तसे मागे एकेक मोठी चकती घेत जा. सर्वांत मोठी चकती सुरुवातीलाच संपवू नका. आपल्याजवळ अजून एक गिअर शिल्लक आहे, ही जाणीव घाटात फार मोठा आधार असते.

मागे २८ च्या जागी ३४ दातांची मोठी चकती असलेली फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा पूर्ण संच, बसवता येते. सात चकत्यांची अशी फ्रीव्हील बाजारात मिळते आणि तिची किंमत नव्या सायकलीपुढे अगदीच किरकोळ आहे. मागच्या डेरेलरला एवढी मोठी चकती झेपते का आणि चेनची लांबी पुरेल का, एवढे मात्र आधी तपासून घ्यावे लागते. तरीही माझा आग्रह असा की आधी पुढे २८ आणि मागे २८ लावून दोन-तीनदा घाटात जा आणि मगच हा खर्च करायचा का ते ठरवा.

रेसिंग सायकलीचा सल्ला देणाऱ्या गृहस्थांचा हेतू चांगला असेल, परंतु तुमच्या प्रश्नाला तो सल्ला लागू पडत नाही. समजा सायकलीचे वजन १५ किलोवरून ९ किलोवर आले. चढायचे वजन ८० होते ते ७४ झाले. दीड तासांच्या चढाईत सहा-सात मिनिटे वाचली. त्यासाठी ऐंशी-नव्वद हजार द्यायचे आणि बदल्यात काय मिळणार? अशा पुष्कळ सायकलींना पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची मोठी २८ दातांची असते. एका फेरीत अडीच मीटर आणि ताशी ६ किलोमीटरला मिनिटाला ३९ फेऱ्या, म्हणजे तुमच्या आजच्या सायकलीच्या लहान चकतीपेक्षा ती चढाला जडच. मागे ३४ दातांची चकती असलेली घेतली तर तुमच्याकडे आज आहे त्याच गिअरवर तुम्ही येऊन थांबाल. पुढेमागे हौसेने हलकी सायकल घ्यावीशी वाटली तर आनंदाने घ्या. सिंहगड चढता येत नाही म्हणून घेऊ नका.

वयाविषयी घरच्यांचे म्हणणे मला खरोखर लागले, म्हणून एक जुनी हकिकत सांगते. १९०२ च्या सुमारास फ्रान्समधील टूरिंग क्लबने गिअरची उपयुक्तता पाहण्यासाठी डोंगराळ रस्त्यांवर सायकलींची परीक्षा घेतली. एका बाजूला एकच गिअर असलेल्या सायकलीवर एक नामांकित शर्यतपटू होता आणि दुसऱ्या बाजूला तीन गिअरच्या सायकलीवर मार्थ हेस नावाची स्त्री. ती त्याच्यापुढे निघाली आणि संपूर्ण मार्गात तिने जमिनीला पाय लावला नाही, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी नोंदवले. त्यावर आंरी देग्रांज यांनी, म्हणजे पुढच्याच वर्षी टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या गृहस्थांनी, असे मत दिले की गिअर ही पंचेचाळिशीपुढच्या माणसांची गोष्ट आहे, खऱ्या सायकलपटूने स्नायूंच्या बळावरच जिंकावे. त्यांच्या शर्यतीत डेरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. आज त्या शर्यतीत एकही सायकल गिअरशिवाय डोंगर चढत नाही. तुमच्या गटातील जी मंडळी पुढच्या मोठ्या चकतीवर घाट चढल्याचे अभिमानाने सांगतात, त्यांच्या मनात देग्रांज यांचेच मत अजून जिवंत आहे. तुम्ही मार्थ हेसच्या बाजूला उभ्या राहा.

मात्र वयाची एक बाजू मी हलक्यात घेणार नाही. ४८ व्या वर्षी दीड तास चढाचे श्रम करण्यापूर्वी रक्तदाब, रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि डॉक्टरांना सिंहगडाचा बेत स्पष्ट सांगून इसीजी काढायचा का ते विचारा. आपल्याकडे अनेक स्त्रिया हिमोग्लोबिन कमी असताना वर्षानुवर्षे दमतात आणि तो दम वयावर ढकलतात. शिवाय छातीचा भाता होणे वेगळे आणि छातीवर दडपण येणे वेगळे. आपण थांबलो की धाप दोन-तीन मिनिटांत ओसरते. दडपण, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, थंड घाम, भोवळ, श्रमाच्या मानाने फार जास्त थकवा किंवा मळमळ यांपैकी काहीही झाले तर त्या दिवशी घाट तिथेच सोडायचा, एकटीने सायकलीवर परत उतरायचे नाही, गाडी थांबवून थेट रुग्णालय गाठायचे.

गुडघ्याचे दुखणे बहुधा जड गिअरमुळे आहे, पण सीटची उंचीही पाहा. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. या स्थितीत पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीप्रमाणे चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो. नव्याने सायकल शिकलेल्या पुष्कळ जणी थांबताना दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या बाजूचे दुखणे मागे लावून घेतात. सीट एकदम न वाढवता दर आठवड्याला अर्धा सेंटिमीटर वर घ्या. लहान गिअर आणि योग्य उंची करूनही महिन्याभरात दुखणे गेले नाही, किंवा गुडघ्याला सूज आली, तो अडकू लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

सरासरी सात टक्के म्हणजे सगळीकडे सात टक्के नव्हेत. मध्ये जरा विसावा देणारे तुकडे आहेत आणि दहा-बारा टक्क्यांच्या पुढे जाणारे उभे तुकडेही. बारा टक्क्यांवर ताशी ६ चा वेग राखायला गेलात तर पुन्हा १६५ वॉटच्या पुढे जाल. तिथे ताशी साडेचार पुरे, मग सव्वाशेत भागते. एवढ्या संथ वेगाला तोल राखण्यासाठी सीटच्या पुढच्या टोकाकडे सरका, कोपरे वाकवून छाती थोडी खाली आणा आणि नजर चाकापुढच्या खड्ड्यावर न ठेवता दहा-पंधरा पावले पुढे ठेवा. हँडल घट्ट आवळू नका; खांदे आवळले की श्वासही आखडतो. उभ्याने पेडल मारण्याचा मोह शक्यतो टाळा, कारण त्याने नाडी चढते आणि खडी किंवा ओलावा असेल तर मागचे चाक घसरते. पाठ आखडली तर दहा-वीस फेऱ्या उभ्याने मारून पुन्हा बसा. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे डाव्या वळणाचा आतला, सर्वांत उभा कोपरा नेमका आपल्या वाट्याला येतो. तिथे मागे पाहून, आपल्याच बाजूच्या मर्यादेत, कडेपासून हातभर बाहेरून वळा. सगळा रस्ता वापरून नागमोडी चढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. सिंहगडावर वळणाआडून गाड्या येतात.

थांबल्यावर पुन्हा सुरुवात करता येत नाही, ही तुमची अडचण अगदी खरी आहे आणि ती सरावाने सुटते. थांबण्यापूर्वीच गिअर सर्वांत हलका करा. राहून गेले तर सीट धरून मागचे चाक उचला आणि दुसऱ्या हाताने पेडल फिरवून चेन मागच्या मोठ्या चकतीवर आणा. मग त्यातल्या त्यात सौम्य जागा शोधा आणि गाड्या येत नाहीत असे पाहून सायकल रस्त्याला थोडी तिरकी उभी करा. दोन्ही ब्रेक दाबून धरा, उजवे पेडल घड्याळाच्या दोनच्या काट्याएवढे वर-पुढे आणा आणि त्यावर पाय ठेवून सीटच्या टोकावर बसा. आता उजवा पाय दाबा आणि त्याच क्षणी ब्रेक सोडा. पहिल्या अर्ध्या फेरीतच डावा पाय पेडलवर आला पाहिजे. आधी सोसायटीच्या किंवा शाळेच्या आवारातील एखाद्या उतरणीवर हे वीस वेळा करा. घाटात पहिल्यांदा करू नका.

आणि ढकलत जाण्याची लाज का वाटावी? ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात. तिथे बंधन वेळेचे असते. उभ्या घाटात सायकलवरून उतरून चालणारे मी प्रत्येक वेळी पाहिले आहेत आणि मीही चालले आहे. दोनशे मीटर चालल्याने पायांचे वेगळे स्नायू कामाला लागतात, पाठ सरळ होते आणि पुढचे दोन किलोमीटर पुन्हा बसून जाता येतात. फक्त पाय अगदी निकामी होण्याची वाट न पाहता थोडे आधी उतरा.

उतरण्याच्या भीतीबद्दल मी तुमचे अभिनंदन करते. चढताना दम लागतो, अपघात बहुतेक उतरताना होतात, त्यामुळे ही भीती जपून ठेवण्यासारखी आहे. सहाशे मीटर उंची उतरताना ८० किलो वजनातून जी ऊर्जा सुटते, ती साधारण दीड लिटर साधे पाणी उकळीपर्यंत तापवण्याएवढी असते. वेगाने गेलात तर तिचा मोठा भाग हवा घेते. भीतीपोटी सतत ब्रेक दाबून रांगत उतरलात तर जवळजवळ सगळी ऊर्जा रिमवर उष्णता होऊन साचते. बारा वर्षांपूर्वी वरंध घाट उतरताना मी मागचा ब्रेक कितीतरी वेळ न सोडता दाबून ठेवला होता. एका वळणानंतर मागची ट्यूब मोठ्या आवाजाने फुटली आणि सायकल कठड्याच्या हातभर अलीकडे थांबली. उतरून रिमला बोट लावले तर चटका बसला. तेव्हापासून मी वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच, दोन्ही ब्रेक एकत्र आणि ठामपणे दाबून वेग उतरवते, वळण घेताना ते हलके सोडते आणि पुढच्या वळणापर्यंत रिमला हवा लागू देते. पुढच्या ब्रेकला घाबरून केवळ मागचा वापरू नका. उतारावर वजन पुढे येते, म्हणून खरी पकड पुढच्या ब्रेकलाच असते. तो झटक्याने न दाबता हळूहळू दाबायचा आणि त्या वेळी अंग सीटवर मागे न्यायचे. तुमचे हात लहान असतील तर ब्रेकचा दांडा बोटांना दूर पडतो आणि दहा मिनिटांत पंजा दुखू लागतो. त्या दांड्याजवळ असलेल्या बारीक स्क्रूने तो हँडलच्या जवळ आणता येतो. डेरेलर लावून घ्याल त्याच दिवशी हे काम आणि ब्रेक शूंची तपासणी करून घ्या. वाटेत दोनदा थांबून हात झटका, रिम निवू द्या. गडावर घामाने भिजलेले अंग उतारावर गार पडते आणि बोटे बधिरतात, म्हणून पातळ जाकीट पिशवीत हवेच. पिठलं-भाकरी अवश्य खा, पण त्यानंतर अर्धा तास बसून मगच उतरा.

पावसाळ्यात या घाटात दरडी पडतात आणि रस्ता बंदही ठेवला जातो. कडेला शेवाळ आणि वर धुके असते. तुमचा पहिला पूर्ण चढ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असू द्या. शनिवार-रविवारची गर्दी टाळून शाळेला सुटी असलेल्या एखाद्या आडवारी, उजाडल्याबरोबर निघा. संथ वेगाला अंगावर वारा लागत नाही, त्यामुळे ऊन नसले तरी घाम खूप येतो. दोन बाटल्या पाणी घ्या, त्यांतील एकीत मीठ, साखर, लिंबू घाला आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर दहा मिनिटांनी दोन घोट प्या.

तोवर दोन महिने सराव करा. पहिले काही आठवडे जुन्या कात्रज घाटात, केवळ लहान चकतीची आणि संथ वेगाची सवय होण्यासाठी. नंतर बोपदेव घाटात, कारण तो आखूड असला तरी उभा आहे. त्यानंतर सिंहगडावर जा, पण पहिल्या खेपेला वाटेतल्या कोंढणपूर फाट्यापर्यंतच आणि तिथून अंगात जोर शिल्लक असतानाही ठरवून परत या. गटाबरोबर जाणार असाल तर नाक्यावरच सांगून टाका की मी मागून येते, वर भेटू. नाक्यापासून घड्याळ लावा आणि दहा मिनिटांनी किती अंतर झाले ते पाहा. एक किलोमीटरपेक्षा जास्त झाले असेल, तर पाय कितीही ताजे वाटत असले तरी तिथेच वेग कमी करा. आणि घरी परतल्यावर तो आकडा मला लिहून कळवा.